घोडे कुणाच्या नावावर

ताईला चूक सहन होत नसे. दुसऱ्यांची, अर्थात. स्वतःची तिला तोवर सापडलीच नव्हती.

बंदराजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. लोकांचा माल परदेशी पाठवायचा, परदेशातला आणून द्यायचा, आणि त्यापायी लागणारे कागद रंगवायचे, हा तिथला धंदा. कागदांचा सगळा विभाग ताईच्या हाताखाली. समोर तिला सगळे 'ताई' म्हणत, पाठ वळली की 'दुरुस्तीबाई'. फोनवर कुणी सहज "तुमची शिपिंग कंपनी" असं म्हणालं, की ही इकडून सुरू: "आम्ही शिपिंग कंपनी नाही. ज्याचं जहाज त्याची शिपिंग कंपनी. आमचं साधं होडकंसुद्धा नाही. आम्ही फॉरवर्डर, दुसऱ्याच्या जहाजात माल चढवून देणारे." पलीकडचा माणूस बिचारा माल कधी येणार एवढंच विचारत असे. त्याला आधी धडा मिळे आणि मग तारीख.

दर शनिवारी ती नव्या लोकांचा वर्ग घ्यायची. विषय एकच, ज्या शब्दांत हमखास घोळ होतो ते शब्द. आणि त्या वर्गातला तिचा सगळ्यात गाजलेला धडा होता कन्साइनी आणि नोटिफाय पार्टी यांचा. मालाच्या मुख्य कागदावर, म्हणजे बीएलवर, हे दोन रकाने एकाखाली एक असतात, आणि नवखा माणूस दोन्हींत एकच नाव टाकून मोकळा होतो.

"नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही," असं म्हणून ताई दरवेळी पुन्हा सांगायची. "कन्साइनी म्हणजे ज्याचं बाळ आहे तो. नोटिफाय पार्टी म्हणजे ज्याला 'बाळ झालं हो' असा फोन जातो तो काका. काकाला आनंद होईल, काका धावत दवाखान्यात येईल, पण काकाच्या हातात बाळ देऊन कुणी त्याला घरी पाठवणार नाही. कळलं?"

सगळे हसायचे. लक्षातही ठेवायचे. शिकवण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तिच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं.

घरी तर काय, वर्ग रोजच भरायचा. घरात आई, ताई आणि धाकटी अशा तिघी. धाकटी न्हाणीघरात गाणी म्हणत बसली की ताई दारावर थाप मारायची: "डेमरेज लागेल! माल जागचा हलत नाही ना, त्याच्या दंडाला डेमरेज म्हणतात." धाकटीने ताईची छत्री नेऊन आठवडाभर परत आणली नाही की, "याला डिटेन्शन म्हणतात. कंटेनरचा डबा बाहेर नेला आणि परत केला नाही. दोन्हींत फरक आहे." जेवताना धाकटी मान खाली घालून भातावर आमटी ओतत राहायची. ती ऐकते की नाही, हे ताईने कधी पाहिलं नाही. बोलणाऱ्याला त्याची गरज नसते.

वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत खालच्या वर्गात होती आणि ताई नुकती नोकरीला लागली होती. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद ताईने भरला. शाळेत पालक म्हणून ताई, बँकेत पहिलं नाव ताई, दवाखान्यात 'रुग्णासोबत कोण' इथे ताई. आई कौतुकाने म्हणायची, "माझी थोरली म्हणजे घरचा मुलगा, सून, वकील सगळं एकातच." ताईने स्वतःसाठी काय केलं असतं, हे विचारायचं राहून गेलं. आणि धाकटी मोठी होऊन चांगली बाई झाली, तिशीला टेकली, तरी घरात धाकटीच राहिली.

तिने हातपाय हलवले नाहीत असं नाही. आधी तिने केक करून विकायला घेतले. ताईने तिला दरपत्रक करून दिलं, मग वेळापत्रक, मग गिऱ्हाइकांचे फोन ताईच घेऊ लागली, आणि एक दिवस धाकटीच्या लक्षात आलं की आपण आपल्याच केकच्या धंद्यात नोकरीला आहोत. तिने भांडी धुऊन फळीवर ठेवून दिली. नंतर शिवणकाम झालं, त्याचीही तीच गत. ताईच्या मनात काही वाईट नव्हतं. मदत करायला तिने हात घातला की तो मनगटापर्यंत न थांबता खांद्यापर्यंत जायचा, एवढंच.

आणि मग धाकटीने घोडे घेतले.

कुठल्या तरी दूरच्या देशातल्या गावी एका म्हाताऱ्या गृहस्थाची छोटीशी करमणूक बाग बंद होत होती. त्याच्याकडे मुलांना बसायचं गोल फिरणारं चक्र होतं. सहा लाकडी घोडे, रंग उडालेले, पण डोळ्यांत पाणी असल्यासारखे चकचकीत. धाकटीला ते फोनवर दिसलं आणि तिने ताईला न विचारता म्हातारबाबांशी बोलणी केली. एकदा नव्हे, अनेकदा. घोड्यांना कुठलं तेल लागतं, पावसात काय झाकायचं, कुठला घोडा वळताना कुरकुरतो, सगळं विचारून घेतलं. शिवाय शहराच्या मोठ्या बागेच्या अधीक्षकाकडे जाऊन कारंज्याजवळचा कोपरा शाळांच्या सुट्टीपुरता मागून घेतला. अधीक्षक म्हणाले, "सुट्टी लागायच्या आत चक्र उभं दिसलं पाहिजे. नाहीतर तो उड्या मारायच्या जाळीवाला माझ्या दारात बसलेलाच आहे."

एवढं सगळं पार पाडून मग ती ताईपुढे उभी राहिली.

"ताई, मला सामान आणायचंय. समुद्रमार्गे. तेवढं तू कर. पण एक अट आहे."

"तू मला अट घालतेस?"

"हो. घोडे माझे. तू फक्त आणून द्यायचेस. त्यांचं काय करायचं ते मी बघेन. तिकीट केवढं, रंग कुठला, किती वाजता सुरू, काही सांगायचं नाही."

ताईने आईकडे पाहिलं. आईने वाटाणे सोलायचे थांबवून छताकडे पाहिलं.

"बरं," ताई म्हणाली. "तुझे तर तुझे. मी कशाला घोड्यांवर बसणार आहे या वयात!"

आणि ताईने काम चोख केलं. घोडे आणि चक्राचे सुटे भाग मिळून झालेल्या सहा पेट्या इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून आणायच्या ठरवल्या, म्हणजे अख्खा डबा अडवावा लागणार नाही. पलीकडच्या देशातल्या आपल्या भागीदार कंपनीला सूचना लिहून पाठवल्या. भागीदाराने बीएलचा मसुदा पाठवला, तो तिने नजरेखालून घालून 'ठीक' असं कळवलं. जेवणाची सुट्टी होती, एका हातात डबा होता, दुसऱ्या हाताने असले कागद तिने हजारो भरले होते. डोळे मिटून भरले असते.

जहाज बंदराला लागायच्या आदल्या दिवशी साहेब तिच्या टेबलाशी आले. साहेब म्हणजे ढेरपोटा, आनंदी माणूस; कुणाची फजिती झाली की त्यांना आठवडाभर जेवण गोड लागे. हातात माल येत असल्याची नोटीस होती.

"ताई, अभिनंदन! घोडे घेतलेत म्हणे. बोलला नाहीत कधी."

"माझे नाहीत साहेब. बहिणीचे."

"कागद तर तुमचे म्हणतोय."

ताईने कागद घेतला. कन्साइनीच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव होतं, घरच्या पत्त्यासकट. खाली नोटिफाय पार्टीच्या रकान्यात धाकटीचं. भागीदारांनी चूक केली म्हणावं, तर तिने लगेच आपल्या सूचना काढून पाहिल्या. तिथेही तसंच. तिच्याच हातचं.

"शनिवारच्या वर्गाला मी पण बसू का?" साहेब म्हणाले. "बाळ कुणाचं आणि काका कोण, यात माझा जरा गोंधळ होतोय."

मग ताईचा चेहरा पाहून त्यांनी हसू आवरलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची ओढून बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, इतकं काय? तुम्ही कन्साइनी आहात ना? मग सही करा, पेट्या सोडवा, घरी न्या. बहिणीला कोण सांगायला जातंय? बदलत बसलात तर पलीकडून विकणाऱ्याची लेखी संमती आणा, मूळ बीएल परत करा, कस्टम्सकडे यादी दुरुस्त करायला अर्ज द्या. तोवर घोडे गोदामात आणि भाडं चालू. सुट्टी लागेल पोरांची."

साहेब म्हणत होते ते अक्षर न् अक्षर खरं होतं. ताईने दुसऱ्या कुणाला हाच सल्ला दिला असता. कागद पर्समध्ये टाकून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली क्रेन डबे उचलत होत्या. तिला धाकटीचं वाक्य आठवत होतं, 'घोडे माझे'. आणि आपण 'बरं' म्हणालो होतो ते. त्या 'बरं'नंतर जेवणाच्या सुट्टीत हाताने परस्पर असं केलं. ताईला स्वतःची लाज वाटली. हा अनुभव तिला नवा होता, त्यामुळे जरा जास्तच वाटली.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली. आईने दार उघडलं आणि घाबरून तिच्या कपाळाला हात लावला. ताई दुपारची घरी येणं म्हणजे एकतर ताप नाहीतर भूकंप.

मागच्या अंगणात धाकटी एका जुन्या कपाटाला खिडकी पाडत होती. त्याची ती तिकिटांची खोली करणार होती. केसांत भुसा, कानावर पेन्सिल.

"घोडे आले?" तिने करवत थांबवून विचारलं.

"येतायत. पण घोळ झालाय. माझ्याकडून." हा शेवटचा शब्द ताईच्या घशातून असा निघाला की आई पाण्याचा पेला घेऊन आली.

ताईने कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. रकाने, नावं, साहेबांचा सल्ला, काहीही न झाकता. धाकटी आधी हसायलाच लागली. हसता हसता भुशात बसली.

"म्हणजे मी काका? बाळ झालं हो, असा मला फोन येणार?"

"हो."

"आणि बाळ तुझं!" तिचं हसणं काही थांबेना. मग ते आपोआप थांबलं. तिने कागद पुन्हा वाचला, आता नीट. "ताई, तुझा हात चुकला नाही गं. तुझ्या हाताला माझी जागा तीच माहीत आहे. ज्याला नंतर कळवायचं तो."

आईने सवयीने मध्ये तोंड घातलं, "अगं, घरात आले की झालं ना! नाव कुणाचं का असेना. तुम्ही काय दोन आहात का?"

"आई, असं म्हणत म्हणतच सगळं ताईच्या नावावर झालं," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. "घरपट्टी तिची, गॅस तिचा, तुझी औषधं तिची, माझे केकसुद्धा तिचे. आणि गंमत म्हणजे तिला तरी ते कुठे हवं होतं? दमून येते, खुर्चीत बसल्या बसल्या झोपते. कुणी विचारलंय तिला?"

ताई कपाटाच्या पाडलेल्या खिडकीकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, आणि ते कशाचं, हेही तिला कळत होतं. इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. बोललं तेही नेमकं हिने, जिला आपण नंतर कळवायच्या यादीत टाकलं.

"मी सही करून परवा पेट्या आणू शकते," ती शेवटी म्हणाली. "कारंज्याजवळची जागा हातातून जाणार नाही. किंवा नाव बदलून घेते. मग किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. तू सांग."

धाकटीने कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. मनात उत्तर तयार होतं, पण कारंज्याजवळचा कोपराही डोळ्यांपुढे होता. तो मिळवायला ती अधीक्षकांच्या दारात चपला झिजवून आली होती.

"बदल," ती म्हणाली.

मग सुरू झाली ताईची वरात. दुसऱ्यांच्या चुका निस्तरताना ती कशी तोऱ्यात असायची! आता पहिल्यांदा तिने अर्जात लिहिलं, 'सदर चूक माझ्याकडून झालेली आहे.' कस्टम्सच्या खिडकीतला कारकून तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. त्याने तो अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि शेजारच्याला बोलावून दाखवला. शनिवारच्या वर्गात ताईने कागद सगळ्यांपुढे ठेवला आणि म्हणाली, "ही चूक कोण करतं विचाराल, तर ज्याला सगळं येतं तो करतो." त्या दिवशी वर्ग हसला नाही. सगळ्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं.

खरी अडचण म्हातारबाबांची होती. बाग विकून ते लेकीकडे डोंगरात राहायला गेले होते आणि त्यांच्या संमतीवाचून पान हलणार नव्हतं. भागीदार कंपनीच्या माणसाने त्यांना गाठलं, तर म्हातारबाबा उसळले. घोडे मी त्या मुलीला विकले, ही दुसरी बाई मध्येच कुठून आली, मी तिला ओळखत नाही, मी कशावरही सही करणार नाही. आता सही हवी होती ती त्या दुसऱ्या बाईचं नाव काढण्यासाठीच, पण हे त्यांना समजावणार कोण? ताईने फोनवर समजावून पाहिलं. कन्साइनी, नोटिफाय पार्टी, सगळं सांगितलं. त्यांचा संशय आणखी वाढला.

शेवटी ताईने फोन धाकटीच्या हातात दिला आणि तिथून उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. बाहेरून धाकटीचं बोलणं ऐकू येत होतं. रकान्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिने विचारलं, डोंगरात थंडी आहे का? गुडघा कसा आहे? तो कुरकुरणारा घोडा तिसरा की चौथा? मग म्हणाली, "बाबा, आमच्याकडे जरा कागदात गडबड झाली. तुम्ही सही केलीत तर घोडे माझ्या नावावर येतील. नाही केलीत तर माझ्या बहिणीच्या. ती चांगली आहे, पण घोड्यांना वेळापत्रक लावेल."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. सही दुसऱ्या दिवशी आली.

तरी उशीर व्हायचा तो झालाच. शाळांना सुट्टी लागली आणि कारंज्याजवळ उड्या मारायची जाळी उभी राहिली. पोरं सकाळपासून टणाटण उडत होती. अधीक्षकांनी धाकटीला रोपवाटिकेच्या मागची जागा दिली, जिथे सहसा कुणी फिरकत नसे. ताईला हे कळलं तेव्हा तिने जेवण टाकलं. धाकटीने तिच्या पानात पुन्हा भात वाढला. "सावली आहे तिथे," ती म्हणाली. "भर उन्हात जाळीवर उड्या मारून दमली की पोरं तिकडेच येतील. आणि जागा मी घालवलीय, तू नाही. तू मला विचारलं होतंस."

घोडे सोडवायचा दिवस आला. गोदामात आत जायला परवान्यावर नाव लागतं. ताईचा कंपनीचा कायमचा परवाना होता, पण त्या दिवशी ती रजेवर होती आणि तो तिने मुद्दाम टेबलाच्या खणात ठेवला होता. बहीण म्हणून जायचं, कंपनी म्हणून नाही, असं तिने ठरवलं होतं. गेटवर वॉचमनकाकांनी सवयीने सलाम ठोकला आणि मग हातातला कागद पाहून ओशाळले.

"मॅडम, यात एकच नाव आहे."

"मी एकच लिहिलं," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "ताई, तू इथे थांब. मला एकटीने जाऊन बघायचंय."

ताई थांबली. वीस वर्षं ज्या गेटातून ती मान ताठ ठेवून आत गेली, त्या गेटाबाहेर कुंपणाच्या पत्र्याला टेकून उभी राहिली. वॉचमनकाकांनी स्टूल दिलं, चहा मागवला. चहा हातातच गार झाला. पत्र्यापलीकडे पेट्या ओढल्याचा आवाज आला, मग गोदामाच्या सुपरवायझरचा. ताई त्याला चांगली ओळखत होती. घाईचा माणूस. नवखं गिऱ्हाईक दिसलं की त्याला आणखी घाई.

"सहा पेट्या, बरोबर? इथे सही करा. माल चांगल्या स्थितीत मिळाला."

ताई पत्र्याच्या अगदी जवळ सरकली. सही करू नकोस, आधी पेट्या बघ, असं ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलंसुद्धा. एकदा चांगल्या स्थितीत मिळाला म्हणून लिहून दिलं की नंतर आत भुसा निघाला तरी कुणी दाद देत नाही. कसलेले व्यापारी इथे फसतात. हिला काय माहीत? तिने पत्र्यावर हात ठेवला.

"थांबा," पलीकडून धाकटीचा आवाज आला. "या पेटीचा कोपरा दबलाय. उघडून दाखवा."

"सही झाल्याशिवाय उघडत नाही आम्ही."

"मग सहीच्या आधी शेरा लिहिते. एका पेटीचा कोपरा दबलेला, आतला माल न पाहता ताब्यात घेतला."

"असा शेरा चालत नाही हो बाई."

"चालतो. नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही. पेटी मिळाली ही एक गोष्ट. पेटी चांगली मिळाली ही दुसरी गोष्ट. लोक दोन्हींत गोंधळ करतात आणि नंतर रडत बसतात. मला पहिली मान्य आहे. दुसरीचं पेटी उघडल्यावर सांगते."

पत्र्याबाहेर ताई स्टूलावर बसली ती बसलीच. तो सूर तिचा होता. ते थांबणं, तो 'दोन्हींत', सगळं तिचं होतं. रोज रात्री भातावर आमटी ओतताना मान खाली घालून बसणारी ही पोरगी सगळं ऐकत होती. वर्षानुवर्षं. एक शब्द सांडू न देता. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती हसतही होती. वॉचमनकाकांनी गडबडून विचारलं, "मॅडम, आत काही मोडलं का?"

"काही नाही मोडलं," ताई म्हणाली.

मोडलं होतं तसं थोडंसं. सुपरवायझरने शेवटी हार मानून पेटी उघडली तेव्हा एका घोड्याचा कान निघून आला होता. तो शेऱ्यात लिहिला गेला, सुपरवायझरने खाली सही केली, मगच धाकटीने केली. फाटक उघडून छोटा ट्रक बाहेर आला. मागे पेट्यांमध्ये धाकटी उभी, एका हाताने दोरी धरलेली, दुसऱ्या हातात लाकडी कान.

"ताई, चढ वर!"

"तू हे कधी शिकलीस?"

"शिकले कुठे? सवय झालीये ऐकायची. रोज तेच तेच." धाकटीने हात पुढे केला. "चढ ना, गुडघ्याला काय झालंय? कान मला चिकटवता येत नाही, तू चिकटव. काम सांगतेय, मालकी नाही देत."

ताई ट्रकच्या मागच्या भागात चढली. साडीला वंगण लागलं, तिने त्याकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हर जुना, बंदरातल्या सगळ्या फेऱ्यांत ताईच्या सूचनांवर गाडी हाकत आलेला. त्याने सवयीने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मॅडम, कुठून घेऊ?"

ताईने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं. तिने ते गिळलं.

"मालकीणबाईंना विचारा," ती म्हणाली.

ड्रायव्हरने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने क्षणभर विचार केला आणि शाळेवरून, बाजारातून, मोठ्या चौकाला वळसा घालून जायचा रस्ता सांगितला. पुलावरून गेलं तर निम्म्या वेळात बागेत पोचता येतं, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिने पेटीला पाठ टेकली, मांडीवर लाकडी कान धरला आणि बागेपर्यंत एक शब्द बोलली नाही.